ताईची हरकत

आयोगात तिला सगळे टिपणबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. नाव खोटं थोडंच होतं? फोन कंपन्यांचा कुठलाही अर्ज आला की त्यावरचं पहिलं टिपण ती लिहायची आणि शेवटचंही तीच. मधल्या काळात कंपन्या आपलं म्हणणं मांडत, ग्राहकांच्या संघटना त्यावर तुटून पडत, कंपन्या त्यांना उत्तर देत, मग जाहीर सुनावणी होई, मग आयोगाचे तिघे सदस्य दार लावून बसत. एवढ्या दळणातून जे पीठ पडे ते चाळून, कारणांसकट, कोर्टात टिकेल अशा भाषेत लिहून काढायचं काम टिपणबाईचं. या कामात तिचे केस पिकले होते, मान धरली होती, आणि अलीकडे तर संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याने "चहा घेणार का?" असं विचारलं तरी तिच्या तोंडून "दोन्ही बाजू ऐकून सांगते" असं निघून जाई. तो हसायचा. तिला हसायचंही त्राण उरलेलं नसे.

त्या वर्षी जे घोंगडं भिजत पडलं होतं ते जुन्या फोनचं होतं. तांब्याच्या तारेवरचे, घरात एका जागी बसलेले फोन. कंपनीला ते दूरदूरच्या भागांतून कायमचे बंद करायचे होते. तिची कारणं काही अगदीच उगीच नव्हती. तारा जुन्या झालेल्या, त्यांचे सुटे भाग कुठे बनत नाहीत, चोर खांबावरून तांबं उतरवून नेतात, आणि जिथे मोबाईलचा सिग्नल पोचला आहे तिथे या तारा सांभाळायच्या कशाला? टिपणबाईने हे सगळं पहिल्या टिपणात नीट मांडलं. जिथे माणसं म्हातारी आहेत, घरं विखुरलेली आहेत, तिथे काय होईल तेही मांडलं. कोणाची बाजू जड होऊ नये म्हणून दोन्हीकडचे परिच्छेद ती सोनाराच्या तराजूत घालावेत तसे जोखायची.

ज्या भागांतल्या तारा जाणार होत्या त्यात एक डोंगरातलं खोरं होतं, आणि त्या खोऱ्यात तिची थोरली बहीण राहत होती. म्हणून काम हाती घेतानाच तिने वर कळवलं होतं, की माझी सख्खी बहीण यांपैकी एका भागात राहते. वरून शेरा आला, कोणाचं ना कोणाचं कोणीतरी सगळीकडेच राहतं, काम चालू ठेवा. ते तिला पटलं होतं.

सुनावणीच्या दिवशी दालन खचाखच भरलं होतं. उंचावरच्या टेबलाशी तिघे सदस्य बसले होते. मधोमध अध्यक्ष, एके काळचे न्यायाधीश, आता डोळे अर्धे मिटून ऐकणारे. उजवीकडे अर्थशास्त्राच्या जाणकार सदस्यबाई, डावीकडे इंजिनिअर सदस्य, जे फार कमी बोलत आणि बोलले की सगळ्यांचा वेळ खात. टिपणबाई खालच्या टेबलाशी, बोलणाऱ्यांच्या बरोबर समोर. तिला मान वर करून बघायची सवय नव्हती. आवाज ऐकायचा आणि लिहायचं.

कंपनीचा वकील बोलला. ग्राहक संघटनेचा तो नेहमीचा माणूस बोलला, ज्याला आयोगात भोंगा म्हणत, कारण माईक बंद असला तरी त्याचं काही अडत नसे. मग बाकीच्यांची पाळी आली.

"मी निवृत्त शिक्षिका आहे," असा आवाज आला आणि टिपणबाईचं पेन थांबलं.

समोर ताई उभी होती. अंगावर ठेवणीतला कोट, हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर वर्गात शिरताना असायचा तोच भाव. धाकट्या बहिणीकडे तिने एकदा पाहिलं आणि नजर सरळ अध्यक्षांवर नेऊन ठेवली. येणार आहे हे तिने बोलून दाखवलं नव्हतं.

"माझ्या नवऱ्याला दम्याचा विकार आहे," ताई म्हणाली. "फुप्फुसं निम्मी निकामी झालीत. डॉक्टर खाली गावात असतात. आमच्याकडे रात्री-अपरात्री काही झालं तर मी भिंतीवरचा फोन उचलते, आणि माणूस येतो. कंपनी म्हणते तुमच्याकडे सिग्नल आहे. मी म्हणते, माझ्या घरात येऊन दाखवा."

वकील अदबीने उठला. "बाई, तुम्ही मोबाईल वापरून पाहिलाय का कधी?"

"वापरते की. खालच्या वळणावर जाऊन."

"वळण म्हणजे, किती लांब असेल?"

"माझ्यासाठी लांब नाही," ताई म्हणाली. "घरात माणूस घुसमटत असला तर फार लांब आहे."

दालनात कुजबुज झाली. अध्यक्षांचे डोळे पूर्ण उघडले. टिपणबाईने हे बोलणं शब्दाला शब्द उतरवून घेतलं, फक्त तिचं अक्षर त्या ओळीत तिचंच वाटत नव्हतं.

मधल्या सुट्टीत ताईने तिला जिन्यापाशी गाठलं. गाल तापलेले, डोळे चमकणारे. लहानपणी वक्तृत्वात बक्षीस मिळवून यायची तशी.

"काय गं धाकटे, कशी बोलले?"

टिपणबाई दोन पायऱ्या मागे सरली. आजूबाजूला कंपनीची माणसं चहाचे कप घेऊन उभी होती. "ताई, इथे नको."

"इथे नको म्हणजे? मी तुझ्याशी बोलायचं नाही?"

"आत्ता नाही. कृपा कर."

ताईचा चेहरा उतरला. पिशवी खांद्यावर सावरत ती म्हणाली, "बरं बाई. मोठी माणसं तुम्ही," आणि निघून गेली. टिपणबाई तिच्या पाठमोऱ्या कोटाकडे बघत राहिली. लहानपणापासून तिने ताईशी हजार भांडणं केली होती, पण तिला परकं कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी ती अध्यक्षांच्या खोलीत गेली.

"साहेब, आज त्या शिक्षिका बोलल्या ना, ती माझी बहीण. मला या कामातून मोकळं करा."

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही हे आधीच कळवलं होतंत. मला आठवतंय."

"तेव्हा ती नुसती तिथली रहिवासी होती. आज ती हरकत घेणारी झाली. उद्या मी टिपण लिहिलं आणि निकाल तिच्या बाजूने लागला, तर कंपनी अपिलात पहिल्याच दिवशी तो फाडून टाकेल. विरुद्ध लागला तरी लोक म्हणतील, बाईने नोकरीसाठी बहिणीला विकलं."

"मग लिहिणार कोण?" अध्यक्ष म्हणाले. ते आज्ञेच्या सुरात नव्हतं, दमलेल्या माणसाच्या सुरात होतं. "एवढा पसारा दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा म्हणजे..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. ती बरोबर बोलते आहे हे त्यांनाही कळत होतं. "ठीक आहे. जा तुम्ही."

काम पलीकडच्या खोलीतल्या सहकाऱ्याकडे गेलं. माणूस हुशार, पण एका पायावर उभा. आयोगात त्याला घाईवाले म्हणत. ढिगाच्या ढीग कागद त्याच्या टेबलावर ठेवताना टिपणबाईच्या मनात एक गोष्ट ठुसठुसत होती. कंपनीने सिग्नलच्या मोजणीचे आकडे अगदी उशिरा, उत्तराला जोडून दिले होते. ते तिने चाळले होते. मोजणीची गाडी सगळीकडे मुख्य रस्त्याने फिरली होती. रस्त्यावर सिग्नल मिळाला की तो अख्खा भाग हिरवा रंगवला होता. घरं रस्त्यापासून किती आत, किती खोलात, याचा त्यात पत्ता नव्हता. शेवटच्या टिपणात ती यावर बोट ठेवणार होती. आता ते बोट तिचं राहिलं नव्हतं.

"बाई, यात खास लक्ष द्यावं असं काही?" घाईवाल्यांनी विचारलं.

इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं तर ती बाहेर पडूनही आतच राहिली. नाही सांगितलं तर कदाचित कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

"सगळे कागद क्रमाने लावलेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे वाचा."

घाईवाले हसले. त्यांना वाटलं बाईंनी टोला मारला.

निकाल लागला तो तिने बाकीच्या जगाबरोबरच वाचला. दोन विरुद्ध एक. मोजणीत सिग्नल पुरेसा आहे तिथे कंपनीने ग्राहकांना आधी सूचना देऊन तारा बंद कराव्यात. अध्यक्ष आणि सदस्यबाई एका बाजूला. इंजिनिअर सदस्यांनी आपलं वेगळं मत शेवटी जोडलं होतं, कोरडं आणि लांबलचक, आणि त्याच्या पोटात कुठेतरी मोजणी रस्त्यावरून झाली आहे हे लिहिलेलं होतं. म्हणजे कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं. पण दोन मतांपुढे एकाचं काय चालणार? तिने तो निकाल मिटला आणि कितीतरी वेळ नुसती खिडकीबाहेर बघत बसली. सुटका झाल्यासारखंही वाटेना आणि रडूही येईना.

ताईचा फोन आला, त्याच भिंतीवरच्या फोनवरून. "तुमचा निकाल पोचला," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. त्यानंतर अबोला.

हिवाळ्यात तार बंद झाली. थंडी वाढली तशी भावोजींची छाती भरली आणि एका पहाटे त्यांना श्वास घेता येईना. ताई गोठलेल्या वाटेने खालच्या वळणापर्यंत धावत गेली. सिग्नल लागला, गेला, पुन्हा लागला. गाडी आली, पण उशिराने. भावोजी वाचले. आपण वाटेत पडलो आणि मनगट मोडलं, हे ताईला इस्पितळात पोचल्यावरच कळलं.

टिपणबाई इस्पितळात धावली. ताई बाकावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. टिपणबाई तिच्या शेजारी टेकली. मग ताईच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात ह्यांना आता वर नेऊ नका. निदान हिवाळाभर."

"आमच्याकडे चला."

"तुझ्या आयोगाला चालेल?"

"घर माझं आहे, ताई."

ताई त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आली. भावोजी सज्जन माणूस. प्राणवायूची नळी नाकाला लावून खिडकीशी बसायचे आणि टिपणबाईच्या नवऱ्याशी पत्ते खेळायचे. ताई मात्र गप्प राहणाऱ्यांतली नव्हती. एका रविवारी भांडी विसळताना तिने विचारलंच.

"ती मोजणी रस्त्यावरून केलेली. तुला माहीत होतं?"

टिपणबाईने नळ बंद केला. "होतं."

"आणि तू कोणाला बोलली नाहीस."

"बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं. तुझ्या बहिणीचं. मी कामातून बाहेर पडले होते ना? अर्धं बाहेर आणि अर्धं आत असं राहता येत नाही त्यात. आज माझी बहीण बरोबर आहे म्हणून मी कानात सांगायचं, उद्या दुसऱ्या कोणाचा मेहुणा चुकीचा असेल आणि तोही कानातच सांगेल."

"तो आजही सांगत नसेल कशावरून?"

टिपणबाईने ताट पुसायला घेतलं.

"ह्यांचा जीव जात होता, धाकटे," ताई हळू आवाजात म्हणाली. "मी तुला बोल लावत नाही. लावतेही. मलाच कळत नाही."

"मलाही नाही कळत," टिपणबाई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. ताईने एका हाताने तिला जवळ ओढलं. प्लास्टरचा हात दोघींच्या मध्ये अडकला तेव्हा दोघी हसल्याही.

पुढच्या आठवड्यात ताईने जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. इंजिनिअर सदस्यांचं ते वेगळं मत तिने छापून आणलं होतं आणि शाळेतल्या वह्या तपासाव्यात तशा त्यावर खुणा केल्या होत्या. तिला निकालाचा पुनर्विचार मागायचा होता.

"मुदत आहे का गं अजून?"

"निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय."

"आहे की नाही, एवढं सांग."

"वाच, ताई."

"पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते हेच," ताई पुटपुटली आणि चष्मा लावून वाचायला लागली. मुदत होती.

टिपणबाईने दुसऱ्या दिवशी आयोगात पुन्हा कळवलं, की पुनर्विचार मागणारी व्यक्ती सध्या माझ्याच घरी राहते, मी यातला एकही कागद बघणार नाही. घरात नियम झाला, जेवणाच्या टेबलावर या विषयाचं अक्षर काढायचं नाही. भावोजींना तो नियम फार आवडला. मीठ मागायचं झालं तरी ते आधी विचारत, "हा प्रश्न विचाराधीन नाही ना?" ताई संध्याकाळभर डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहीत बसे, आणि टिपणबाई शेजारच्या खोलीत उशीवर डोकं ठेवून पेनाची करकर ऐकत पडे. एखादा मुद्दा सुटला तर? एखादा कागद जोडायचा राहिला तर? आयुष्यभर दुसऱ्यांचे मुद्दे जोडून देणाऱ्या बाईला सख्ख्या बहिणीच्या अर्जात स्वल्पविरामही घालता येत नव्हता. नवरा म्हणायचा, "झोप आता." तिला झोप यायची नाही, नुसता थकवा यायचा.

ताईने खोऱ्यातल्या शेजाऱ्यांनाही कामाला लावलं होतं. प्रत्येकाने आपापल्या दारात उभं राहून फोन लावायचा आणि लागला की नाही ते लिहून, खाली सही करून पाठवायचं. बहुतेकांचा लागला नव्हता. दोघा-तिघांचा लागला होता, आणि त्यांचीही पत्रं ताईने अर्जाला जोडली. हे टिपणबाईला खूप नंतर, निकालातून कळलं, आणि तेव्हा तिच्या मनात आलं, की विरुद्ध जाणारा पुरावाही लपवायचा नाही हे ताईला कोणी शिकवलं असेल? बहुधा कोणीच नाही. किंवा आईने.

पुनर्विचाराच्या सुनावणीला दोघींना एकाच इमारतीत जायचं होतं. टिपणबाई नेहमीच्या बसने गेली. ताई मुद्दाम मागच्या बसने आली, कोणी बरोबर पाहू नये म्हणून. सुनावणी चालू असताना टिपणबाई आपल्या खोलीचं दार लावून बसली आणि कुठल्याशा दुसऱ्या अर्जाचं तेच पान पुनःपुन्हा वाचत राहिली. भिंतीपलीकडून भोंग्याचा आवाज येत होता. ताईचा आला नाही.

निकाल यायला वसंत उजाडला. पुन्हा दोन विरुद्ध एक, पण या वेळी अध्यक्ष इंजिनिअर सदस्यांच्या बाजूला गेले होते. आधीच्या निकालात आपण मोजणीची जागा तपासली नाही असं त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं होतं. वयाच्या या टप्प्यावर, जगासमोर, आपलं चुकलं असं छापून देणं सोपं नव्हे. टिपणबाईला त्या परिच्छेदापाशी थांबावंसं वाटलं. यापुढे सिग्नल राहत्या घराच्या दारात मोजायचा, आणि मोजणारा माणूस कंपनीचा नसेल. तोवर बंद केलेल्या तारा पुन्हा जोडायच्या. सदस्यबाईंनी विरोधात लिहिलं होतं, की जुन्या तारांवर घातलेला पैसा मोबाईलच्या नव्या मनोऱ्यांना कमी पडेल आणि खोऱ्यातली माणसं आणखी काही वर्षं मागे राहतील. तेही खोटं नव्हतं. हेच या कामाचं दुखणं होतं. क्वचितच कोणी सरळ खोटं बोलत असे.

ती घरी आली तेव्हा ताई खिडकीशी बसून भावोजींचा सदरा शिवत होती. हात आता मोकळा झाला होता, थोडा वाकडाच जुळला होता.

"वाचला?" टिपणबाईने विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती.

"वाचला. शेजारीणबाईचाही फोन आला. तिच्याकडची तार जोडायला माणसं आलीत म्हणे."

"मग? तुमची कधी जोडणार?"

ताईने दोरा तोडला. "आम्ही परत जात नाही गं."

टिपणबाई खुर्चीत बसली.

"ह्यांना तो चढ आता झेपणार नाही. आणि खरं सांगू? त्या पहाटेनंतर मला त्या घरात झोप लागेलसं वाटत नाही. भिंतीवर फोन असला तरी. इथे मागच्या गल्लीत दोन खोल्या बघितल्यात."

"मग एवढा खटाटोप कशासाठी केलास?"

ताईने तिच्याकडे असं पाहिलं, की टिपणबाईला प्रश्न विचारल्याची लाज वाटली. "शेजारीण एकटी राहते. वरच्या घरात नुकतंच मूल झालंय. आणि सुरुवात केली तेव्हा मला कुठे ठाऊक होतं आम्ही जाणार नाही म्हणून?" मग सुई पिनकुशनात खोचत म्हणाली, "तुझ्यावर राग होता तोवर लिहायला जोर होता. नंतर राग गेला, पण निम्मं लिहून झालं होतं."

पुढच्या शनिवारी चौघं खोऱ्यात गेली, सामान आणायला. भावोजी खाली गाडीतच बसले. घर बंद राहून कुबट झालं होतं. शेजारीणबाईने चहा आणला, ताईच्या गळ्यात पडली, आणि टिपणबाईकडे वळून म्हणाली, "तुम्ही त्या आयोगातल्या ना? तुमच्यामुळे झालं हो सगळं."

"माझ्यामुळे काहीच झालं नाही," टिपणबाई म्हणाली.

शेजारीणबाईला तो विनय वाटला. ताईला तो वाटला नाही. ती कपाटाचं एक टोक उचलून म्हणाली, "धर तिकडून. आणि कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक."

दार अरुंद होतं. कपाट आडवं करावं की उभं यावरून दोघींचं जुंपलं. नवरा मध्ये पडू बघत होता, त्याला दोघींनी मिळून गप्प केलं. शेवटी कपाट उभंच बाहेर निघालं, एका बाजूने खरवडून. अंगणात ते टेकवून दोघी त्याच्याच आधाराने धापा टाकत उभ्या राहिल्या, आणि खालून भावोजींनी गाडीचा भोंगा वाजवला, किती वेळ लावता म्हणून.